पिशवी दाखवा, वहिनी

देवरे नानांनी बघितल्याशिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये भाजी वर चढत नसे.

तळमजल्यावर, जिन्याला अगदी लागून त्यांचं घर. संध्याकाळी दार सताड उघडं, दारात लोखंडी खुर्ची आणि खुर्चीत नाना. पांढरा सदरा, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. बाजारातून आलेल्या माणसाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, की खुर्चीतून आवाज यायचा, "पिशवी दाखवा."

मी लग्न होऊन सातपूरला आले तेव्हा बिल्डिंगमध्ये रंगीत टीव्ही दोनच घरी होता. आल्यानंतर दोन-चार दिवसांत मी एकटीच भाजीला गेले, आणि परत आले तर हे गृहस्थ समोर हात पसरून उभे. "पिशवी दाखवा, वहिनी." मला वाटलं, सोसायटीचा काही नियम असेल. मी दिली. त्यांनी एक भेंडी काढली, शेंडा मोडला, कट्‌कन आवाज झाला. "पास," ते म्हणाले. मग गवार हातात घेतली, बोटाने वाकवली, ती वाकतच राहिली. "जून आहे. रिजेक्ट." सगळ्यात खाली खारी बिस्किटांचा पुडा होता. तो त्यांनी मेलेल्या उंदराला शेपटीने धरावं तसा धरून वर काढला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता परत पिशवीत ठेवला. ते न बोलणं मला फार लागलं.

घरी हे आल्यावर मी विचारलं, "खालचे ते कोण?"

"देवरे नाना. इथल्याच एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहेत. दिवसभर मापं लावून सुटे भाग तपासतात. घरी आल्यावर हात शिवशिवत असतील." मग जरा थांबून हे म्हणाले, "खारी पुढच्या वेळी पर्समधून आण. मी तसंच करतो."

नानांच्या लेखी जगातल्या सगळ्या खाण्याचे तीन भाग होते. पास, रिजेक्ट आणि रिवर्क. बाजरी, नागली, मठ, कुळीथ, शेपू, अंबाडी, पेरू, ताक, जवसाची चटणी हे डोळे मिटून पास. मैदा, डालडा, बाटलीतली रंगीत पेयं डोळे मिटून रिजेक्ट. रिवर्क म्हणजे माल वाईट नाही, पण आहे तसा सोडायचा नाही. पांढरा भात रिवर्कमध्ये होता. "भात कमी करा, वरण वाढवा, बाजूला पालेभाजी ठेवा, वर लिंबू पिळा. मग सोडा," असं ते सांगायचे. साबुदाण्याच्या खिचडीवर त्यांचा आणि बिल्डिंगमधल्या बायकांचा दर चतुर्थीला वाद व्हायचा. "उपास देवासाठी करता ना? मग देवाला भगर आणि दाण्याची आमटी चालत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. पण खिचडी होती, आणि ती गरम होती, त्यामुळे आम्ही वर निघून जात असू.

"माणसाचं शरीर शंभर वर्षांसाठी बनवलंय," हे त्यांचं आवडतं वाक्य. "कंपनीने माल चांगला दिलाय. मेंटेनन्स आपला." आणि स्वतःचा मेंटेनन्स ते डोळ्यांत तेल घालून करायचे. सकाळी मोड आलेली मटकी आणि एखादा पेरू. दुपारच्या डब्यात बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडदाची, त्यांच्या बागलाणातली. सोबत पालेभाजी आणि कच्चा कांदा. रात्री दिवेलागणीलाच नागलीची भाकरी आणि ताक. पोट पूर्ण भरायच्या आत उठायचं. "दोन घास भूक शिल्लक पाहिजे. टाकी काठोकाठ भरली की सांडते." घास तर इतका वेळ चावायचे, की कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर कोणी बसत नसे. आपलं जेवण संपलं तरी वडीलधारा माणूस जेवतोय म्हणून उठता येत नाही, अशी अडचण व्हायची.

एकदा यांनी त्यांना सकाळी मिसळ खायला नेलं. नाशकात राहून मिसळ खात नाही म्हणजे काय, असा यांचा मुद्दा होता. नाना आले. बाकावर बसले. मालकाला म्हणाले, "उसळ कसली आहे? मटकीची? मोड दाखवा." मालकाने कौतुकाने वाडगा पुढे केला. "पास. आता असं करा, फरसाण नको, तर्री नको, पाव नको. नुसती उसळ द्या, कांदा-लिंबू जास्त." आणि पिशवीतून रुमालात बांधलेली भाकरी काढली. मालक यांच्याकडे बघत राहिला. हे भिंतीकडे बघत राहिले. नानांनी मात्र उसळ-भाकरी चवीने खाल्ली, हात धुतले, आणि मालकाला सांगितलं, "उसळ फार चांगली आहे तुमची. उगाच वरून सगळं टाकून झाकून ठेवता."

दुसऱ्या मजल्यावरच्या खैरनारांची सविता लग्नाची झाली, तेव्हाचा किस्सा तर अजून निघतो. मुलगा अंबडला नोकरीला होता. तो बघायला आला, पोहे झाले, चहा झाला, घर दाखवून झालं. तेवढ्यात नाना वर आले. खैरनार भाऊंनी पोह्यांच्या बशा घाईघाईने आत पाठवल्या. नाना मुलासमोर बसले आणि म्हणाले, "सकाळी काय खाता?"

मुलगा गोंधळला. पगार, शिक्षण, व्यसन, सगळ्याची उत्तरं तो पाठ करून आला होता. "शिळी भाकरी," तो शेवटी म्हणाला. "ताकात कुस्करून. आई तिळाची चटणी देते."

नाना उठले, खैरनार भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पत्रिका बघू नका. द्या पोरगी."

सविताचं लग्न त्याच मुलाशी झालं. चांगलं चाललंय तिचं. जावई सासुरवाडीला आला की आधी खाली नानांच्या पाया पडतो, मग वर येतो.

नाना नुसतेच लोकांच्या पिशव्या तपासत असते, तर बिल्डिंगने त्यांना कधीच वैतागून सोडलं असतं. पण ते आणूनही द्यायचे. पावसाळ्यात पेठ-हरसूलकडच्या बाया रस्त्याकडेला रानभाज्या घेऊन बसायच्या. नाना सायकलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावून करटुली, कुर्डू, टाकळा घेऊन यायचे आणि घरोघर एकेक जुडी देऊन निवडायची कशी तेही सांगून जायचे. माझ्या मीनलच्या वेळी मी माहेरहून आले, तर दुसऱ्या दिवशी दारात डबा. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, स्वतः वळलेले. सगळे एका आकाराचे. हे म्हणाले, "मापं लावून बघ, फरक सापडायचा नाही."

पुरुषमाणूस एकटा राहतो, बाळंतिणीचे लाडू वळतो, लग्न केलेलं नाही, म्हटल्यावर बायकांमध्ये कुजबुज असणारच. त्यावर खैरनार भाऊंनी निकाल देऊन टाकला होता. "कोणती बाई पास होणार त्यांच्याकडे?" आम्ही हसलो होतो आणि तो विषय तिथेच संपला होता.

कारखान्यांना इकडे शनिवारची सुट्टी. शुक्रवारी पाळी सुटली की नाना सटाण्याच्या एसटीत बसायचे, गावी जायचे, आणि शनिवारी संध्याकाळी परत यायचे. जाताना भलीमोठी पिशवी, येताना रिकामी. गावी म्हातारी आई आहे, एवढं माहीत होतं. आई आहे, थोडी शेती असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मीनल शाळेत जायला लागली, घरोघर फोन आले, नानांचे केस पांढरे झाले. त्यांची आई गेली, म्हणून बिल्डिंगमधले चार पुरुष गावी जाऊन, ओसरीवरच बसून परत आले. आणि दिवसकार्य उरकून नाना परतले, तेव्हा त्यांच्याबरोबर रिक्षातून एक बाई उतरली.

चाळिशीची असेल. ठेंगणी, गोरी, केसांची घट्ट वेणी, हिरवं लुगडं नीट चापूनचोपून नेसवलेलं. तिने नानांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. डोळे लहान मुलासारखे, सगळीकडे फिरणारे.

"ही इंदू," नाना म्हणाले. "माझी बहीण. जन्मापासून समज थोडी कमी आहे. त्रास नाही कोणाला."

खरंच त्रास नव्हता. ती दिवसभर त्या लोखंडी खुर्चीवर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायची. मुलांना आवडायची, कारण ती त्यांच्याबरोबर कितीही वेळ चेंडू घरंगळवत बसायची. नाना तोवर निवृत्त झाले होते, त्यामुळे दोघं सतत बरोबर. अहिराणीत बोलायची, तेही थोडंच. नानांशी ती बोलायला लागली, की नानाही आमच्यासमोर अहिराणीत शिरायचे, आणि त्यांचा इन्स्पेक्शनचा आवाज कुठल्या कुठे जायचा. "खाई ले इंदू, खाई ले बाई," असं मऊ मऊ चाललेलं असायचं.

खाण्याचीच तेवढी एक गोष्ट होती. इंदू कोणाच्या हातचं खात नसे. आईच्या हातचं खायची, आणि नानांच्या. ताट पुढे ठेवलं तर नुसती बघत बसायची. घास भरवायला लागायचा, आणि तो घास घ्यायच्या आधी ती हाताचा वास घ्यायची. ओळखीचा असला तर तोंड उघडायची. मी संक्रांतीला तिळाची वडी तिच्या तोंडाशी नेली होती. तिने माझी बोटं हुंगली, मान वळवली आणि अगदी समजुतीच्या सुरात मला सांगितलं, "भाऊ दी." म्हणजे भाऊ देईल. मी वडी नानांकडे दिली, त्यांनी तीच भरवली, तिने खाल्ली. "तिळगूळ आहे, पास आहे," नाना मला बरं वाटावं म्हणून म्हणाले.

त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ. हे कामावर निघत होते, मी डबा भरत होते. दार ढकलून इंदू आत आली. तोवर ती एकटी कधी जिना चढलेली नव्हती. तिने माझा पदर धरला आणि म्हणाली, "भाऊ पडना."

आम्ही धावत खाली गेलो. नाना ओट्यापाशी जमिनीवर बसले होते, पाठ कपाटाला टेकलेली, सदरा घामाने भिजलेला, एक हात छातीवर. आम्हाला बघून त्यांनी दुसरा हात वर केला. "आधी गॅस बंद करा," ते म्हणाले. "भाकरी करपतेय."

हृदयाचा झटका होता. यांनी आणि खैरनार भाऊंनी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. बिल्डिंगमध्ये दिवसभर कोणाला काम सुचेना. काळजी होतीच, पण त्याहून मोठं आश्चर्य. खैरनार भाऊ दवाखान्यातून परत आल्यापासून जिन्यात बसून पुन्हापुन्हा म्हणत होते, "नानांना? आयुष्यभर वडे मी खाल्ले आणि झटका नानांना?" संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की धोका टळला. नानांच्या वडिलांचंही असंच झालं होतं, चाळिशीतच गेले होते ते. हे घराण्यात होतं. "यांनी स्वतःला इतकं जपलं म्हणून यांच्यावर वेळ इतक्या उशिरा आली आणि थोडक्यात निभावली," असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून खैरनार भाऊंनी वडे सोडले. दोन आठवडे टिकलं ते.

इकडे इंदूचं काय करायचं, हा प्रश्न माझ्याकडे आला. मी तिला वर आणलं. दुपारी भाकरी दुधात कुस्करून घास पुढे केला. तिने बोटं हुंगली आणि मान वळवली. मी गोष्टी सांगितल्या, मीनलने नाच करून दाखवला. खैरनार वहिनी जिलबी घेऊन आल्या. "भाऊ दी," ती सगळ्यांना सांगत होती. रडणं नाही, हट्ट नाही. नुसती गॅलरीत उभी राहून फाटकाकडे बघायची. रात्री पाणी प्यायली, तेवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच. चहासुद्धा नाही. दुपारपर्यंत तिचे ओठ सुकले, आणि माझा धीर सुटला. मी रिक्षा बोलावली आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले.

नाना पलंगावर होते. डाव्या हाताला सलाईन. इंदूला बघितलं आणि माझ्याकडे बघून एकच विचारलं, "जेवली नाही ना?"

मी मान हलवली.

शेजारी दवाखान्यातून आलेलं ताट झाकून ठेवलेलं होतं. खिचडी होती, पांढरी, गार झालेली. ती कसली, तांदूळ कुठला, वर तूप होतं की आणखी काही, नानांनी बघितलंही नाही. उशीला टेकून बसले, उजव्या हाताने घास केला. इंदूने तो हात हुंगला. दवाखान्याचा, औषधाचा वास असणार. तिने दोनदा हुंगला, मग नानांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि घास घेतला. मग भराभरा खात राहिली. सलाईनच्या हाताला धक्का लागत होता, पण नाना थांबले नाहीत. नर्स काही बोलायला आली होती, ती दारातच थांबली.

ताट रिकामं झालं. इंदू पलंगाच्या कडेला डोकं टेकून डुलक्या घ्यायला लागली. नाना तिच्या वेणीवर हात ठेवून बसले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "आई होती तोवर हात चार होते. आता दोन आहेत."

मी रिकामं ताट उचलून बाजूला ठेवलं.

"लोकांना वाटतं, याला जगण्याची फार हाव आहे. शंभर वर्षं, शंभर वर्षं. मला काय करायचीत शंभर? वडील गेले तेव्हा मी नुकता नोकरीला लागलो होतो. ते असे बघता बघता गेले. तेव्हापासून मनात एकच आहे. हिच्या मागे मी राहिलो पाहिजे. जास्त नको. एक दिवस मागे राहिलो तरी पुरे."

"राहाल नाना," मी म्हटलं.

"ते आपल्या हातात आहे असं धरून चाललो होतो," नाना म्हणाले. "काल कळलं, नाही."

तोवर मी इंदूला रोज जेवायला दवाखान्यात नेत होते. आठवड्याने ते घरी आले. वाळले होते, पण चालत होते. आणि पहिल्यांदाच, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी आमच्या दाराची बेल वाजवली ती काही द्यायला नाही. दारातच उभे राहिले.

"एक काम होतं. नाही म्हणालात तरी चालेल."

"बोला की."

"इंदूला तुमच्याकडे जेवायची सवय लागली तर बघायचं होतं. आठवड्यातून एकदा. मंगळवारी म्हणा. जमलं तर मग खैरनार वहिनींना विचारीन. म्हणजे असं, की…" ते थांबले. मग त्यांना त्यांचा नेहमीचा आवाज सापडला. "एकाच सप्लायरवर कारखाना चालवणं बरोबर नाही."

पहिल्या मंगळवारी नाना स्वतः तिला घेऊन आले, मी वाढलेल्या ताटातलं त्यांनीच भरवलं आणि गेले. दुसऱ्या मंगळवारी त्यांनी एक घास भरवला, पुढचा मी. तिने माझा घेतला नाही. तिसऱ्या वेळी नाना आलेच नाहीत. म्हणजे आत आले नाहीत. जिन्यात पायरीवर बसून राहिले. बसल्या बसल्या त्यांना खोकला आला, इंदूने तो ओळखला, ताटावरून उठून ती बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. मला हसू आवरेना. नानांचा चेहरा मात्र परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. "खोकायला नको होतं," ते म्हणाले.

त्यानंतर ते तोंडावर पंचा धरून बसायला लागले. वरच्या मजल्यांवरचे लोक त्यांना ओलांडून जायचे. कोणी विचारलं तर नाना बोटाने गप्प बसायची खूण करायचे.

असे बरेच मंगळवार वाया गेले. एका मंगळवारी माझी धांदल होती, इंदू आली तरी स्वयंपाक व्हायचा होता. मी बाजरीचं पीठ परातीत घेतलं आणि तिला म्हटलं, "तू बस इथे, मी भाकरी टाकते." ती जवळ येऊन बसली. मी पीठ मळत होते, ती बघत होती. मग हळूच तिने हात पुढे केला आणि पिठात घातला. मी तिला एक गोळा दिला. तिने तो परातीत ठेवला आणि तळव्याने थापायला लागली. थाप, थाप, थाप. आईबरोबर कधी तरी बसली असणार ती. भाकरी झाली वेडीवाकडी, एका बाजूला जाड, एका बाजूला फाटलेली. मी ती तशीच तव्यावर टाकली, भाजली, फुगली नाही. तिच्या ताटात ठेवली, शेजारी वांग्याची भाजी वाढली. सवयीने मी घास केला. तिने माझा हात हुंगला. हाताला बाजरीच्या पिठाचा वास होता, तिच्या हाताला होता तोच. तिने एकदा स्वतःची बोटं हुंगली, एकदा माझी. आणि तोंड उघडलं.

मीनल दारातून बघत होती, तिला मी डोळ्यांनी गप्प केलं. घासामागून घास गेला. मग मध्येच इंदूने माझ्या हातातला तुकडा घेतला, स्वतः भाजीला लावला आणि स्वतःच्या हाताने खाल्ला.

मी बाहेर आले. नाना पायरीवर होते, पंचा तोंडावर.

"जेवली," मी म्हटलं.

ते उठले, कठडा धरला. "किती?"

"अख्खी भाकरी. वाटीभर वांग्याची भाजी."

"पाणी?"

"प्यायली."

नाना पुन्हा खाली बसले. "मी जरा इथेच बसतो," ते म्हणाले. मी आत गेले. पुरुषमाणूस रडत असला तर तिथे उभं राहू नये, एवढं मला कळत होतं.

मग गाडी रुळावर आली. गुरुवारी इंदू खैरनारांकडे जायला लागली. तिथेही आधी पीठ मळायचं, मग जेवायचं. खैरनार भाऊंना आठवड्यातून एक दिवस वेड्यावाकड्या भाकऱ्या खाव्या लागतात आणि ते त्या मुकाट्याने खातात. सविता माहेरी आली की तिच्या मुलांच्या पंगतीत इंदू असते. नानांची तब्येत चांगली आहे. रोज सकाळी फिरतात, औषधं वेळेवर घेतात, जेवण तेच. पिशव्यांची तपासणीही चालू आहे, पण आता एखादी जून गवार नजरेतून सुटते.

मागच्या महिन्यात, दुपारच्या वेळी, बेल वाजली. दारात नाना. इंदू आमच्याच स्वयंपाकघरात होती. तिला आता वार लागत नाही, मनात येईल तेव्हा येते.

"वहिनी, काल मी वांग्याची भाजी केली होती," नाना म्हणाले. "हिने एक घास खाल्ला आणि ताट सरकवलं. काय म्हणाली माहितीये? 'वहिनीनी भाजी गोड शे. तुनी नही.'"

सूर तक्रारीचा होता. पण बहिणीचं चांगल्या घरी ठरल्यावर भावाचा चेहरा व्हावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. ते लपवायला त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं तिने," ते म्हणाले. "तुम्ही घालता काय त्यात?"

"दाण्याचं कूट. थोडा गूळ, चिंच."

"गूळ किती?"

"अंदाजाने घालते."

"अंदाजाने म्हणजे?"

"या आत," मी म्हटलं. "करतेच आहे. बघा."

इतक्या वर्षांच्या शेजारात नाना आमच्या स्वयंपाकघरात कधी आले नव्हते. त्यांनी चपला दारात काढल्या, पाय पुसले आणि आत येऊन भिंतीपाशी अवघडून उभे राहिले. इंदू परातीसमोर बसली होती. तिने मान वर करून बघितलं, पिठाचे हात लुगड्याला पुसले, उठली, कोपऱ्यातला पाट घेतला आणि भावासाठी मांडला.